पंचगंगेचं पाणी नेमकं कुणाच्या हातात? कृष्णा खोरे महामंडळाची सरळ गोष्ट

जुलै लागला की कोल्हापुरात दोन आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात, ३९ आणि ४३. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर गेली की धोका पातळी. मग मोबाईलवर ती ठरलेली ओळ फिरायला लागते: ‘राधानगरी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले, प्रत्येकी १४२८ प्रमाणे २८५६ आणि वीजगृहातून १५००, असा एकूण ४३५६ क्युसेक विसर्ग सुरू.’ त्याखाली भांडण सुरू होतं. पाणी सोडलं कुणी? कलेक्टरनं? इरिगेशननं? पुण्यातल्या महामंडळानं? की मुंबईहून फोन आला?

त्या दोन दरवाज्यांपुरतं उत्तर असं आहे की कुणीच नाही. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते दाबानं आपोआप उघडतात आणि उतरलं की मिटतात. म्हणून तर त्यांना स्वयंचलित म्हणायचं.

बाकीच्या पाण्याचं उत्तर लांबलचक आहे. आपल्या नदीवर हुकमत चालवणारं एक असं ऑफिस नाही. सव्वाशे वर्षांत एकामागून एक ऑफिसं उभी राहिली. जे ऑफिस ज्या काळात झालं, त्या काळची अडचण त्याच्या कपाळावर लिहिलेली आहे. एक दुष्काळासाठी झालं, एक तारखेच्या भीतीनं झालं, एक भांडणं मिटवायला झालं. पुरासाठी मात्र यातलं एकही झालेलं नाही. महापुरात सगळे एकमेकांकडे बोट का दाखवतात, याची बरीचशी उकल इथेच होते.

आधी दोन मापं

क्युसेक म्हणजे वाहत्या पाण्याचं माप. एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. टीएमसी म्हणजे साठलेल्या पाण्याचं माप. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३० कोटी.

या दोघांना जोडणारा एक आकडा लक्षात ठेवला की बातम्या आपोआप कळायला लागतात. सुमारे ११,५०० क्युसेकनं २४ तास पाणी चाललं, की एक टीएमसी होतं. राधानगरीचे सातही दरवाजे उघडले आणि वीजगृहाचे १५०० धरले, तर बेरीज जवळजवळ तेवढीच येते. म्हणजे राधानगरी पूर्ण उघडी असताना दिवसाला एक टीएमसी पाणी खाली येतं. धरणाची एकूण क्षमता ८.३६ टीएमसी. एकटा एक दरवाजा उघडा असेल, तर एक टीएमसी खाली यायला आठ दिवस लागतात. ‘दरवाजा उघडला’ एवढ्यावर घाबरून जायचं की नाही, हे त्यावरून ठरवा.

दरबाराचं पाणी

एकोणिसावं शतक संपताना पडलेल्या दुष्काळांनी कोल्हापूर संस्थान हादरलं. त्यानंतर १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानाचं पाटबंधारे धोरण ठरवलं. गावोगावच्या विहिरी आणि तळ्यांची मोजदाद करायची, जुनी दुरुस्त करायची, नवी बांधायची. आणि या कामाला स्वतंत्र अधिकारी नेमायचा. आज आपण ज्याला ‘इरिगेशन’ म्हणतो, त्याचं कोल्हापुरातलं मूळ हे.

पुढे काही वर्षांतच भोगावती नदीवर मोठं धरण बांधायला घेतलं, तेच राधानगरी. तिथं वसवलेल्या गावाला महाराजांनी मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं आणि जलाशयाला राणीसाहेबांचं, महाराणी लक्ष्मीबाई तलाव. एका छोट्या संस्थानानं स्वतःच्या तिजोरीतून एवढं धरण घ्यावं, हे धाडसच होतं. ते झेपलंही नाही. पैशांच्या आणि महायुद्धाच्या ओढाताणीत काम अर्ध्यावर थांबलं. ६ मे १९२२ ला महाराज गेले तेव्हा धरण अपुरंच होतं. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि धरण पुरं झालं ते त्यानंतर, १९५० च्या दशकात.

‘शाहू महाराजांनी धरण बांधलं’ असं आपण अभिमानानं म्हणतो आणि ते खरंच आहे. पण त्याच धरणाच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. धरण सुरू करणारं सरकार आणि पुरं करणारं सरकार वेगळं होतं, आणि मधली तीसेक वर्षं पैशाची वाट बघण्यात गेली. पुढच्या शंभर वर्षांत कृष्णा खोऱ्यात हेच पुन्हा पुन्हा झालं. फरक एवढाच की पुढच्यांकडे महायुद्धाचं कारण नव्हतं.

नदी हाच कालवा

कोल्हापूरचं पाणी समजून घ्यायचं तर एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी लागते. इतरत्र धरण म्हटलं की कालवा येतो, कालव्याला चाऱ्या येतात आणि पाणी उतारानं शेतात जातं. आपल्याकडे डोंगर, घळी आणि अरुंद खोरी. कालवे आहेत, पण बहुतेक शेती नदीवरच्या मोटारीवर चालते. धरणातलं पाणी नदीत सोडायचं, नदीत बंधारे घालून ते अडवायचं आणि काठावरून मोटारीनं उचलायचं.

हे बंधारे म्हणजे कोल्हापूरनं महाराष्ट्राला दिलेली खरी देणगी. सरकारी कागदांवर आजही ‘को.प. बंधारा’ असं लिहितात, को.प. म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा. नदीत ओळीनं दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत आडवे बर्गे, म्हणजे फळ्या, टाकायचे, एकामागे एक दोन रांगांत, आणि दोन्ही रांगांच्या मधल्या फटीत चिकणमाती ठासून भरायची. पाणी अडलं! पावसाळ्याच्या तोंडावर बर्गे काढून काठावर रचून ठेवायचे, म्हणजे पूर आणि गाळ मोकळा निघून जातो. वरून माणसं, बैलगाड्या, आता दुचाक्या जातात. त्यामुळे ‘अमुक इतके बंधारे पाण्याखाली’ ही बातमी खरं म्हणजे रस्ते बंद झाल्याची बातमी असते.

बर्गे एक दिवस उशिरा निघाले तर वरच्या अंगाच्या पिकात पाणी शिरतं, आणि लवकर निघाले तर मे महिन्यात मोटारी उघड्या पडतात. तो दिवस ठरवणं हे शाखा अभियंत्याचं काम. मोठ्या धोरणापेक्षा त्या एका तारखेवर जास्त शिव्या खाव्या लागतात.

उन्हाळ्यात नदी खाली गेली की ‘उपसाबंदी’ लागते. ठरावीक दिवस मोटारी बंद, म्हणजे खालच्या गावांना प्यायला पाणी पोचतं. मोटार बसवायला उपसा परवाना लागतो आणि वर्षाची पाणीपट्टी भरावी लागते. त्यामुळे कोल्हापूरच्या शेतकऱ्याचं सरकारशी नातं कालव्याच्या पाटकऱ्याशी कमी आणि परवान्याच्या कागदाशी जास्त. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की तोच शेतकरी रात्री बॅटरी घेऊन मोटार काढायला नदीवर पळतो. धरणाच्या विसर्गाची बातमी शहरातल्या माणसाला माहितीसाठी लागते. त्याला ती मोटार वाचवायला लागते.

५६० टीएमसी आणि एक तारीख

आता खोऱ्याबाहेर पाहू. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, पण समुद्राला मिळेपर्यंत ती दुसऱ्या राज्यांची झालेली असते. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि थोड्याच अंतरावर कर्नाटक सुरू होतं. राज्यांत वाटणीवरून भांडण लागलं आणि १९६९ मध्ये केंद्र सरकारनं न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला. नदीच्या वाटणीचा लवाद म्हणजे राज्याराज्यांतल्या पाण्याच्या तंट्यापुरतं बसवलेलं न्यायालय.

लवादानं आधी मोजलं की खात्रीनं किती पाणी धरायचं. ‘७५ टक्के विश्वासार्हता’ हा त्यांचा निकष, म्हणजे शंभरातली पंच्याहत्तर वर्षं निदान एवढं पाणी येतंच. ते निघालं २,०६० टीएमसी. त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकला, ८०० आंध्र प्रदेशला. शेतीतून झिरपून पुन्हा नदीत येणाऱ्या पाण्याचा थोडा वाटा त्यावर वेगळा. निकाल १९७३ चा, अंतिम स्वरूप १९७६ चं. आणि शेवटी एक ओळ: ३१ मे २००० नंतर या वाटणीचा फेरविचार होऊ शकेल.

या एका ओळीनं महाराष्ट्राची झोप उडवली. ५६० टीएमसी कागदावर मिळालं, पण ते अडवायला धरणं पुरी व्हायला हवीत. १९९० च्या दशकात हिशेब मांडला तेव्हा कितीतरी कामं अर्धवट होती. ‘वापरलं नाही, तर फेरविचारात जाईल’ ही भीती खरी होती. सरकारी ऑफिसात काम केलेल्या कुणालाही ही भीती समजावून सांगावी लागत नाही, कारण मार्च एंड त्यानं पाहिलेला असतो. ३१ मार्चच्या आत निधी खर्च झाला नाही तर परत जातो, म्हणून जानेवारीपासून रस्ते खणायला सुरुवात होते. कृष्णा खोऱ्याचा मार्च एंड ३१ मे २००० ला होता, आणि निधीच्या जागी पाणी होतं.

महामंडळ का काढलं?

या घाईतून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ जन्माला आलं. कायदा विधिमंडळाचा, मुख्यालय पुण्यात, अध्यक्ष जलसंपदा मंत्री आणि रोजचा कारभार कार्यकारी संचालकाकडे. कार्यक्षेत्र म्हणजे राज्यातलं कृष्णा आणि भीमेचं खोरं, जवळपास सत्तर हजार चौरस किलोमीटर: कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि पलीकडच्या दुष्काळी जिल्ह्यांचे काही तालुके.

पाटबंधारे खातं होतंच, मग आणखी एक पाटी कशाला? उत्तर पैशात आहे. खात्याला अर्थसंकल्पातून मिळेल तेवढंच मिळतं. महामंडळ ही कायद्यानं वेगळी संस्था असते आणि तिला बाजारातून कर्ज उभारता येतं. कृष्णा खोऱ्याचे रोखे निघाले. चांगलं व्याज आणि वर राज्य सरकारची हमी, त्यामुळे लोकांनी आणि बँकांनी ते घेतले. पैसा आला. तापी, विदर्भ, कोकण आणि गोदावरी मराठवाडा ही भावंडं पुढच्या दोन-तीन वर्षांत निघाली, तीही याच घाटाची.

या प्रयोगाचं मोजमाप दोन्ही बाजूंनी करावं लागतं. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांना गती मिळाली ती याच काळात. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागांत आज कृष्णेचं पाणी दिसतं, त्याचं श्रेय या घाईला द्यावंच लागेल. पण एकाच वेळी इतकी कामं हातात घेतली, की पैसा पातळ झाला. प्रत्येक तालुक्याला नारळ हवा होता. धरणातून होणारं उत्पन्न, म्हणजे पाणीपट्टी, तर कर्जाच्या व्याजालाही पुरण्यासारखं नव्हतं. शेवटी हमी देणाऱ्यानंच भरायचं, म्हणजे राज्याच्या तिजोरीनं. २०१२ मध्ये सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली, त्यामागच्या अनेक कारणांतलं एक म्हणजे ही रखडलेली कामं.

आपल्या जिल्ह्यातली उदाहरणं लांब शोधायला नकोत. राधानगरी तालुक्यातलं धामणी धरण, आजऱ्यातले आंबेओहोळ आणि उचंगी: कामं सुरू होऊन एका पिढीचं वय झालं, तेव्हा कुठे गेल्या काही वर्षांत त्यांत पाणी साठायला लागलं. दोष फक्त पैशाचा नव्हता. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही धरणग्रस्तांची मागणी होती आणि ती रास्त होती. घाईच्या हिशेबात ती बसत नव्हती, म्हणून दोन्ही गोष्टी अडल्या.

आणि गंमत पाहा. ज्या तारखेला घाबरून हे सगळं केलं, ती येऊन गेली आणि आकाश कोसळलं नाही. दुसरा लवाद न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांचा, २००४ मध्ये नेमलेला. २०१० च्या निकालात त्यानं बच्छावत लवादानं दिलेल्या वाटपाला हातच लावला नाही. त्यावरचं जास्तीचं पाणी तेवढं वाटलं. महाराष्ट्राचा वाटा ६६६ टीएमसीवर गेला. मात्र वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकालाची अधिसूचना अडली, ती अडलेलीच आहे. १९९६ मध्ये हे कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं, एवढं मात्र मान्य करायला हवं.

पाटी दोन, टेबल एक

महामंडळ वेगळं असलं तरी त्यात काम करणारे अभियंते जलसंपदा विभागाचेच. ताराबाई पार्कातल्या सिंचन भवनात गेलात तर एकच अधिकारी सकाळी खात्याच्या आणि दुपारी महामंडळाच्या कागदावर सही करताना दिसेल. धरणावर शाखा अभियंता, त्याच्या वर उपविभाग, मग विभागाचे कार्यकारी अभियंता, मग मंडळाचे अधीक्षक अभियंता, पुढे पुण्यातले मुख्य अभियंता. नवं काम, निविदा, कर्ज हे महामंडळाच्या नावानं चालतं. पाणी सोडणं, मोजणं, पाणीपट्टी हे खात्याच्या सवयीनं.

२००५ मध्ये यावर आणखी एक मजला चढला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, देशातलं या प्रकारचं पहिलं. पाण्याचे ठोक दर आणि पाण्याचे हक्क ठरवणं हे त्याचं काम. त्याच वर्षी पाणीवापर संस्थांचा कायदाही झाला, म्हणजे पाणी मोजून संस्थेला द्यायचं आणि संस्थेनं शेतकऱ्यांत वाटायचं. पिण्याला, शेतीला, उद्योगाला किती, हा मोठा निर्णय मात्र २०११ नंतर मंत्रिमंडळानं स्वतःकडे ओढून घेतला. त्याच वर्षी प्राधान्यक्रमात शेती उद्योगाच्या वर आली. आधी उद्योग वर होता!

आणि डिसेंबर २०२४ पासून जलसंपदा खात्याला दोन मंत्री आहेत: कृष्णा आणि गोदावरी खोरी एकाकडे, विदर्भ, तापी आणि कोकण दुसऱ्याकडे.

या साखळीत नसलेल्या गोष्टीही लक्षात ठेवायला हव्यात. ६०० हेक्टरपर्यंतच्या लहान तलावांचं काम मृद व जलसंधारण खात्याकडे किंवा जिल्हा परिषदेकडे. नळाचं पाणी महापालिकेकडे. पंचगंगेचं प्रदूषण प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. म्हणजे नदी एकच, पण तिचं पाणी इरिगेशनचं, मैला महापालिकेचा, त्यावरची नोटीस प्रदूषण मंडळाची आणि पूर आला की ती कलेक्टरची.

‘पाऊस येणार हे माहीत असतं, मग धरणं आधीच रिकामी का ठेवत नाहीत?’

हा प्रश्न २०१९ च्या ऑगस्टनंतर घराघरांत विचारला गेला. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराचा पुण्याशी संपर्क तुटला.

कोणत्या तारखेला धरणात किती पाणी असावं याचं वेळापत्रक प्रत्येक मोठ्या धरणाला असतं. त्याला जलाशय परिचलन सूची म्हणतात. तिच्यात दोन ओढी आहेत. पूर टाळायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये जागा मोकळी हवी. वर्ष काढायचं तर १५ ऑक्टोबरच्या मोजणीला धरण भरलेलं हवं. पाऊस ऑगस्टमध्ये दगा देणार की कोसळणार हे अभियंत्याला सांगता येत नाही. धरण रिकामं राहिलं तर उन्हाळ्यात वर्षभराची चौकशी त्याच्या मागे लागते. आणि ज्या खात्याचं सव्वाशे वर्षांचं शिक्षण ‘थेंब अडव’ हे आहे, त्याचा हात कुठल्या बाजूला कलेल हे सांगायला नको.

त्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे वरच्या पातळीला आहेत. पाणी तिथवर चढेपर्यंत त्यांचा उपयोग नाही. आधीच रिकामं करायचं तर वीजगृहाची वाट आणि जुनी सेवाद्वारं, म्हणजे माणसानं उघडायचे दरवाजे, एवढाच मार्ग.

पण याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. पंचगंगेला पाणी पुरवणारी मोठी धरणं चार: राधानगरी, तुळशी (३.४७ टीएमसी), कासारी (२.७७) आणि कुंभी (२.७१). बेरीज सतरा टीएमसीच्या थोडी वर. कोयना एकटी १०५ ची आहे. दूधगंगा आणि वारणा ही जिल्ह्याची मोठी धरणं, पण त्यांच्या नद्या परस्पर कृष्णेला मिळतात. शहरातल्या पंचगंगेत त्यांचं पाणी येत नाही. आता हिशेब करा. नदीतून एक लाख क्युसेक वाहत असेल, तर दिवसाला साडेआठ टीएमसी होतात. म्हणजे एका दिवसात एक अख्खी राधानगरी. चारही धरणं कोरडी ठणठणीत ठेवली, तरी अशा पुराचं दोन दिवसांचं पाणी पोटात घेतील. आणि तेही पाऊस नेमका धरणांच्या वरच पडला तर. धरणांच्या खाली, गगनबावडा-पन्हाळ्याच्या ओढ्यांतून थेट नदीत येणाऱ्या पाण्याला दरवाजाच नाही. याला मुक्त पाणलोट म्हणतात. त्याचा कुठलाही अधिकारी नाही.

म्हणून ‘धरण नीट चालवलं असतं तर पूर आलाच नसता’ हे पंचगंगेच्या बाबतीत पटत नाही. पूर दोन-चार फुटांनी कमी झाला असता का, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. शिरोळच्या माणसाला दोन फूट म्हणजे माळ्यावर ठेवलेला संसार वाचणं.

‘सगळं अलमट्टीमुळं होतं ना?’

या प्रश्नावर शांतपणे बोलणं कोल्हापुरात आणि त्याहून सांगलीत अवघड आहे. तरी प्रयत्न करतो.

कृष्णा फुगली की नरसोबाच्या वाडीला पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुग लागते. हे कुणीही नाकारत नाही. वाद आहे तो कृष्णा तिथे का फुगते याचा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी आज ५१९.६० मीटर आहे. ब्रिजेशकुमार लवादानं ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली आणि कर्नाटकनं त्या दिशेनं पावलं टाकायला घेतली. त्यामुळे आपल्याकडचा विरोध पुन्हा पेटला आहे. दुसऱ्या बाजूला, २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनंच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं अलमट्टीवर ठपका ठेवला नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांकडे तिचा रोख होता. पूरग्रस्तांच्या बाजूनं लढणाऱ्या अनेक अभ्यासकांना ते मान्य नाही. पावसाळ्यात अलमट्टी ५१७ मीटरच्या आसपासच ठेवा, ही त्यांची जुनी मागणी आहे.

माझं मत विचाराल तर अलमट्टीच्या उंचीइतकाच दुसरा एक मुद्दा चर्चेत यायला हवा. पुराच्या रात्री कोयनेचा, वारणेचा, राधानगरीचा आणि अलमट्टीचा विसर्ग एका टेबलावर बसून ठरवणारं कुणीही नाही. ‘कृष्णा खोरे’ नाव असलेल्या आपल्या महामंडळाची हद्द राज्याच्या सीमेवर संपते. केंद्राचं कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ आहे, पण ते आंध्र आणि तेलंगणासाठी, २०१४ च्या विभाजनातून झालेलं. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात उरतात ते अधिकाऱ्यांचे फोन आणि मंत्र्यांच्या बैठका. संबंध बरे असतील त्या वर्षी विसर्ग वेळेत वाढतो. नदीचा पूर संबंधांवर सोडायचा, हे काही शहाणपणाचं नाही.

‘आमचं पुराचं पाणी दुष्काळी भागाला न्या, दोन्ही प्रश्न सुटतील’

कल्पना जुनी आहे, कृष्णेचं पाणी भीमेकडे नेण्याच्या ‘कृष्णा-भीमा स्थिरीकरण’ योजनेपासूनची, आणि आता जागतिक बँकेच्या कर्जातून पुराचं पाणी भीमेच्या खोऱ्याकडे वळवण्याची योजना पुढे सरकते आहे. अडचण वेळेची आहे. पूर येतो आठवड्याभरासाठी, आणि त्या आठवड्यात लाखभर क्युसेक वाहत असतात. बोगदा किंवा पंप त्यातला किती भाग उचलणार? दुष्काळी तालुक्यांना त्याचा फायदा नक्की होईल. कोल्हापूरच्या पातळीत मात्र इंचांचा फरक पडेल की फुटांचा, हे आकडे मागितल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.

‘मग शहरात पाणी दरवेळी जास्तच आत का येतं?’

यात महामंडळाचा हात जवळजवळ नाही, म्हणून हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी पूररेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा जलसंपदा विभाग आखून देतो. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ न देणं मात्र महापालिकेचं किंवा गावपातळीवरच्या यंत्रणेचं काम. रेषा आखणारा परवानगी देत नाही आणि परवानगी देणारा रेषा आखत नाही. शिवाय रेषा कुठून जाते यावर जमिनीचा भाव ठरतो, त्यामुळे ‘रेषेचं फेरसर्वेक्षण करा’ ही मागणीही नेहमीची. नदीचं मैदान भराव टाकून उंच केलं, की तेवढं पाणी शेजारच्या गल्लीत जातं. त्याला क्युसेक आणि टीएमसी काही लागत नाही.

कुणाला काय विचारायचं

उपसा परवाना, पाणीपट्टी, बर्गे, उपसाबंदी यासाठी आपापल्या पाटबंधारे उपविभागात जायचं; तिथला कागद पुढे विभागात जातो, थेट पुण्याला अर्ज करून काही हलत नाही. रखडलेल्या धरणाचा खर्च आणि निविदा हवी असेल तर माहितीचा अधिकार महामंडळाच्या नावानं वापरायचा, कारण पैसा त्यांच्या पुस्तकात आहे. शहराला दूधगंगेतून येणाऱ्या थेट पाईपलाईनसाठी किंवा इचलकरंजीच्या वादात सापडलेल्या योजनेसाठी किती पाणी आरक्षित आहे, हा प्रश्न जलसंपदा विभागाचा आणि त्यावरचा अंतिम निर्णय मुंबईचा. नळाला पाणी न येण्याची तक्रार महापालिकेची. निळ्या रेषेत डंपर रिकामे होताना दिसले तर फोटो काढून नगररचना विभागाकडे, आणि प्रत कलेक्टर ऑफिसला. पावसाळ्यात घर सोडायचं की नाही, हे ठरवताना राधानगरीच्या दरवाज्यांबरोबर गगनबावड्याचा पाऊस आणि नरसोबाच्या वाडीची पातळी हे दोन आकडेही बघा. जिल्हा नियंत्रण कक्षाच्या रोजच्या पत्रकात बहुतेक वेळा ते असतात, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे येताना गळतात.